प्रिन्सची फेरतपासणी



मे महिन्यात माळा आवरायला काढला. दर वर्षी "पुढच्या उन्हाळ्यात बघू" म्हणून ढकललेलं काम. त्यात माझी शाळेतली जुनी लोखंडी पेटी निघाली. आत पाठटाचणाच्या वह्या, एक डस्टर, स्काउटची शिट्टी आणि जप्तीच्या मालाचा एक पत्र्याचा डबा. पस्तीस वर्षं मास्तरकी केली की असा डबा साठतोच. भोवरा, गलोल, पत्त्यांचा अर्धा कॅट, आरसा, कुणाची तरी प्रेमाची चिठ्ठी (वाचली नाही, शपथ!). आणि तळाशी एक काळी, चौकोनी, सव्वापाच इंची फ्लॉपी. पांढऱ्या लेबलवर निळ्या बॉलपेनने इंग्रजीत 'प्रिन्स' एवढंच लिहिलेलं. अक्षर आमच्या चिरंजीवांचं.

सुट्टीला आलेली नात शेजारी बसली होती. तिने ती फ्लॉपी उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "आजोबा, हे काय आहे?"

"हा तुझ्या बाबाचा गुन्हा आहे," मी म्हणालो.

पण त्या दिवशी जेवून आडवा झालो तरी झोप येईना. गुन्हा नक्की कुणाचा, हे मला नीट सांगता येत नव्हतं. म्हणून हा लेख.

गोष्ट 1996 ची. चिरंजीव दहावीला होते. तेव्हा पंढरपुरात कॉम्प्युटर म्हणजे देवघरासारखा प्रकार. चपला बाहेर काढायच्या, पडदे ओढलेले, यंत्रावर प्लॅस्टिकचं आवरण, आणि पोरांनी लांबून हात जोडायचे. स्टेशन रोडच्या बाजूला एक क्लास होता. तिथे डॉस, वर्डस्टार, लोटस, फॉक्सप्रो असं काय काय शिकवत. पोराने हट्ट केला म्हणून फी भरली. सहामाहीत गणिताचे गुण घसरले. चौकशी केली तर कळलं, तास संपल्यावरही साहेब तासन्तास तिथेच असतात.

एका संध्याकाळी न सांगता जाऊन उभा राहिलो. काळोख्या पडद्यावर पांढऱ्या कपड्यांतला एक इवलासा माणूस धावत होता. त्याने उडी मारली आणि खालच्या खिळ्यांवर पडला. आमचा मुलगा "श्श्!" म्हणून कळवळला. बीजगणिताच्या पेपरला तो असा कधी कळवळल्याचं मला आठवत नाही. मी पुढे झालो, मास्तरांना फ्लॉपी काढायला लावली आणि ती खिशात घातली. घरी येईपर्यंत दोघंही गप्प. प्रदक्षिणा मार्गाच्या वळणावर तो एवढंच म्हणाला, "अण्णा, शेवटच्या लेव्हलला एक सावली येते. तिला मारलं की आपणच मरतो. मग तिला मारायचं कसं?"

"आधी बीजगणित सोडवा, मग सावल्या," मी म्हणालो.

विषय संपला. फ्लॉपी त्याने परत कधी मागितली नाही. दहावीला बरे गुण मिळाले, पुढे इंजिनिअर झाला, पुण्यात स्थिरावला. सगळं ठीक झालं. म्हणजे मी बरोबर होतो, असंच इतकी वर्षं धरून चाललो होतो.

आता जरा मागचं सांगतो. माझ्या लहानपणी मी बाबुराव अर्नाळकरांच्या पुस्तकांचा भक्त होतो. झुंजार आणि काळा पहाड भूगोलाच्या पुस्तकात दडवून वाचायचो. एकदा वडिलांनी पकडलं आणि पुस्तक थेट बंबात घातलं. त्या दिवशीच्या पाण्याने आंघोळ करताना मी रडलो होतो. वडिलांनी ते पुस्तक उघडूनही पाहिलं नव्हतं, हा माझा खरा राग होता. आणि पुढे मी काय केलं? तेच! बंब नव्हता म्हणून पेटी, एवढाच फरक.

मास्तर म्हणून मी हजारो पेपर तपासले. पुरवणी न उघडता कुणाला शून्य दिलं नाही. हा एक पेपर मात्र न उघडताच शून्य देऊन बाजूला ठेवला होता. तेव्हा ठरवलं, की पंच्याहत्तरी जवळ आली आहे तर त्याची फेरतपासणी करून टाकू.

फ्लॉपीवर बुरशी धरली होती, आणि ती वाचणारं यंत्र आता गावात कुठे शोधणार? पण नात हुशार. जुने डॉसचे प्रोग्रॅम आजच्या कॉम्प्युटरवर चालवणारा 'डॉसबॉक्स' नावाचा एक प्रोग्रॅम असतो म्हणे. तिने बापाला फोन न करता (ही अट माझी) तो खेळ तिच्या लॅपटॉपवर सुरू करून दिला. आणि मग आम्ही आजोबा-नात रोज दुपारी, बाहेर ऊन रणरणत असताना, पर्शियाच्या तळघरात उतरू लागलो.

खेळ तुमच्यापैकी चाळिशी-पंचेचाळिशीतल्या मंडळींना आठवत असेल. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. सुलतान लढाईवर गेलेला. दुष्ट वजीर जाफर राजकन्येला कोंडतो आणि एक वाळूचं घड्याळ पुढे ठेवून सांगतो, तासाभरात माझ्याशी लग्न कर, नाहीतर मर. तिचा प्रियकर तळघरात टाकलेला. त्याच्या हातात तलवारसुद्धा नाही. त्याने बारा लेव्हल पार करून साठ मिनिटांत वर पोचायचं. वाटेत खिळे, कात्रीसारखी बंद होणारी पाती, पायाखाली निखळणाऱ्या फरश्या, पहारेकरी. आमच्या पंढरपूरच्या मंडळींसाठी सांगायचं तर कैकाडी महाराजांच्या मठातल्या त्या अरुंद, वळणावळणाच्या वाटा आठवा. तिथे मूर्ती आहेत म्हणून धीर वाटतो. इथे मूर्तींच्या जागी तलवारी घेतलेले शिपाई उभे आहेत असं समजा.

पेपर तपासायचा तर आधी विद्यार्थी कोण ते पाहावं, म्हणून मी या खेळाची माहिती काढली. नातीने शोधून दिली, मी वहीत टिपून घेतली. आणि इथेच मला पहिला धक्का बसला.

माझी समजूत अशी, की असले खेळ कुठल्या तरी मोठ्या कारखान्यात, शंभर माणसं लावून, पोरांची डोकी बिघडवण्यासाठी बनवत असतील. हा खेळ बहुतांशी एका मुलाने केला होता. जॉर्डन मेक्नर, जन्म 1964, अमेरिकेतला. येल विद्यापीठात शिकता शिकता त्याने 'कराटेका' नावाचा एक खेळ लिहिला. तो 1984 मध्ये ब्रॉडरबंड कंपनीने बाजारात आणला. 1985 मध्ये हा दुसरा खेळ हाती घेतला आणि तो पुरा व्हायला 1989 साल उजाडलं. चार वर्षं! मधल्या काळात याचं मन सिनेमाच्या पटकथा लिहिण्याकडे ओढत होतं. काम अर्धं टाकून तो तिकडे गेला, पुन्हा परत आला. हे सगळं त्याने रोजनिशीत लिहून ठेवलं होतं आणि ती रोजनिशी पुढे पुस्तकरूपाने आली आहे. आपल्या हातून काही होणार की नाही, या शंकेने कुरतडलेला एक विशी-पंचविशीतला मुलगा. असे किती तरी मी वर्गात पाहिले आहेत.

त्या पांढऱ्या माणसाच्या धावण्याबद्दल सांगतो. मी तेव्हा त्या क्लासमध्ये एक क्षणभर का होईना थबकलो होतो, ते त्या धावण्यामुळे. हे आज कबूल करतो. बाकीच्या खेळांतली माणसं ठोकळ्यासारखी सरकत. हा माणूस पावलं टाकत होता. कारण तो खरा माणूसच होता. मेक्नरने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, सैलसे पांढरे कपडे घालून एका वाहनतळावर धावायला, उड्या मारायला, कठड्याला लोंबकळायला लावलं आणि त्याचं व्हिडिओ चित्रण केलं. मग टीव्हीच्या पडद्यावर एकेक चित्र थांबवून त्याचे फोटो काढले, फोटोंवर आकृत्यांच्या कडा गडद करून घेतल्या आणि त्या एकामागून एक कॉम्प्युटरात भरल्या. या पद्धतीला रोटोस्कोपिंग म्हणतात. मॅक्स फ्लायशर नावाच्या व्यंगचित्रपटवाल्याला तिचं पेटंट 1917 मध्येच मिळालं होतं, म्हणजे युक्ती जुनीच. पण ती घरच्या घरी, भावाला उन्हात पळवून वापरण्यात गंमत आहे. तलवारबाजीसाठी 1938 च्या रॉबिन हूडच्या सिनेमातला एरॉल फ्लिन आणि बॅसिल रॅथबोन यांचा द्वंद्वाचा तुकडा कामी आला.

आणि संगीत कुणाचं? वडिलांचं! फ्रान्सिस मेक्नर हे पेशाने मानसशास्त्रज्ञ. त्यांचा जन्म व्हिएन्नातला. नाझींच्या भीतीने लहानपणी घर सुटलं आणि फ्रान्स, क्यूबा असं करत ते अमेरिकेत पोचले. त्या बापाने मुलाच्या खेळाला चाली करून दिल्या. धाकट्याने अंगमेहनत केली, बापाने संगीत दिलं, थोरल्याने उरलेलं सगळं. घरात कार्य असावं आणि ज्याने त्याने एकेक काम उचलावं, तसं. मी वहीत हे लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. एक बाप चाल करून देतो, एक बाप फ्लॉपी खिशात घालतो. असो.

आता गुण द्यायला बसू.

पहिले गुण त्या धावण्याला. या राजपुत्राला वजन आहे. धावत सुटला की एकदम थांबत नाही, दोन पावलं पुढे जातोच. कडेला पाय घसरतो. शिफ्टचं बटण दाबून सावकाश एकेक पाऊल टाकावं लागतं. माझ्या गुडघ्यांना हे फार पटलं. नात धावत सुटायची आणि खड्ड्यात पडायची. मी शिफ्ट धरून, चंद्रभागेच्या घाटाच्या ओल्या पायऱ्या उतरावं तसा उतरायचो आणि शाबूत राहायचो. अर्थात वेळ संपायचा तो माझाच.

दुसरे गुण त्या वेळेला. या खेळात मरण कितीही वेळा येतं. मेला की त्याच लेव्हलच्या सुरुवातीला पुन्हा उभा. पण गेलेली मिनिटं परत मिळत नाहीत. जन्म हवे तितके, वेळ मात्र एकच तास. पुढे 2003 मध्ये याच नावाचा नवा खेळ आला, त्यात राजपुत्राकडे एक खंजीर असतो आणि तो वापरून काळ मागे फिरवता येतो म्हणे. नातीला ती कल्पना जास्त आवडली. साहजिक आहे, ती चौदा वर्षांची आहे. मला 1989 चा नियम खरा वाटतो. चूक सुधारायची मुभा आहे, पण ती उरलेल्या वेळात.

तिसरे गुण, आणि हे मी मराठी माध्यमाचा माणूस म्हणून देतो, ते खेळाच्या मुकेपणाला. सुरुवातीची चार वाक्यं सोडली तर यात भाषाच नाही. 1996 मधला कॉम्प्युटर पूर्ण इंग्रजी होता. आमची पोरं त्याच्यापुढे बसली की 'बॅड कमांड' वाचून घाबरायची. पुढे 2001 मध्ये एमएस-सीआयटी आली, आम्हा शिक्षकांनाही ती करावी लागली, तेव्हा मीसुद्धा माउस हातात धरून तसाच घाबरलो होतो. पण या एका खेळात इंग्रजी येणारा आणि न येणारा सारखेच. दार बंद आहे, पायाखालची फरशी दाबली की उघडतं, हे कळायला व्याकरण लागत नाही. आमच्या मुलाने त्या यंत्राची भीती घालवली ती या खेळावर, हे आता माझ्या लक्षात येतंय. मी ज्याला वेळेचा अपव्यय म्हणत होतो, तो त्याचा मुळाक्षरं गिरवण्याचा तास होता.

आता गुण कापू. न कापले तर मास्तर कसला!

राजकन्या. ती बिचारी साठ मिनिटं खोलीत बसून असते. नातीने पहिल्याच दिवशी विचारलं, "ही स्वतः का नाही पळून जात?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एका लेव्हलला ती एक पांढरा उंदीर पाठवते आणि तो अडकलेल्या राजपुत्राचं दार उघडतो, तेवढाच तिचा पराक्रम. नातीचं म्हणणं, खरा नायक तो उंदीर.

पर्शिया. इतिहास शिकवलेला माणूस म्हणून हे टोचतं. कुठला सुलतान, कुठलं शतक, काही पत्ता नाही. ज्या देशाने 1935 मध्ये जगाला सांगितलं की आम्हाला इराण म्हणा, त्याचा इथे मागमूस नाही. हा कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणलेल्या अरबी भाषेतील सुरस आणि चमत्कारिक गोष्टींतला देश. गोष्टीतला देश गोष्टीत चालतो, पण वजीर दुष्टच असणार हा जो पायंडा पडला आहे त्याचे गुण कापलेच पाहिजेत.

क्रूरपणा. खिळ्यांवर पडणं, पात्यात सापडणं हे बटबटीत आहे. शिवाय काही सापळे एकदा मेल्याशिवाय कळतच नाहीत. न शिकवलेल्या धड्यावर प्रश्न विचारावा तसं. हे अन्यायाचं.

आणि एक गुण आपल्याच नावावर कापायचा आहे. आमच्या गावात हा खेळ विकत घेतलेला एकही माणूस मला माहीत नाही. सोलापूरहून कुणीतरी आणलेल्या प्रतीची प्रत, तिची प्रत. सोबतची पुस्तिका कुणी पाहिलेलीसुद्धा नाही. एका मुलाची चार वर्षं आम्ही फुकट वाटून घेतली. मी मुलाला खेळल्याबद्दल रागावलो. चोरीच्या मालाबद्दल बोलायला हवं होतं ते माझ्या ध्यानातही आलं नाही. गणिताच्या गुणांपुढे नीतीचे गुण आम्ही मोजतच नव्हतो.

आता त्या सावलीकडे येतो. मुलाने विचारलेल्या प्रश्नाकडे.

चौथ्या लेव्हलला वाटेत अचानक एक मोठा आरसा उभा राहतो. वाट त्याच्यातूनच आहे. माझी मजल इथपर्यंतच गेली. चार दुपारी मी त्या आरशावर डोकं आपटत होतो. शेवटी नातीने लॅपटॉप ओढून घेतला, लांबून धावत आली आणि आरशातूनच उडी मारली. राजपुत्र इकडून बाहेर पडला आणि आरशातून त्याचंच एक धूसर प्रतिबिंब दुसऱ्या बाजूला उडी मारून पळून गेलं. राजपुत्राचं बळ एकदम एका त्रिकोणावर आलं. पुढच्या लेव्हलला ही सावली आपल्या आधी पोचून बळ वाढवणारं औषध पिऊन टाकते. त्याच्या पुढच्या लेव्हलला आपण उडी मारून येणार एवढ्यात ती दार बंद करते आणि आपण खाली कोसळतो. आणि बाराव्या लेव्हलला ती तलवार घेऊन समोर उभी राहते.

नातीने वार केला. सावलीला लागला आणि आपलाच एक त्रिकोण कमी झाला. दुसरा वार, दुसरा त्रिकोण. ती म्हणाली, "आजोबा, हिला मारलं की आपणच मरतोय!"

मंडळी, 1996 च्या त्या वळणावर ऐकलेलं वाक्य मला शब्दशः परत ऐकू आलं.

उत्तर तिने तासाभरात काढलं. तलवार म्यान करायची. आपण म्यान केली की सावलीही करते. मग दोघं एकमेकांकडे चालत जातात आणि एक होतात. पुढे मोठी दरी आहे, पलीकडे जायला पूल नाही. पण आता धावत सुटलं की पावलाखाली एकेक फरशी आपोआप उमटत जाते.

मी खुर्चीतून उठून पाणी प्यायलो. पस्तीस वर्षं मी याच गावात, चोखोबांच्या समाधीपासून आणि नामदेव पायरीपासून हाकेच्या अंतरावर, पोरांना संतांचे वेचे शिकवले. 'द्वैत आणि अद्वैत, टीप लिहा, गुण चार' असा प्रश्न किती वेळा काढला असेल! आणि माझा स्वतःचा मुलगा तोच प्रश्न, पाठ केलेला नव्हे, स्वतःला खरोखर पडलेला, घेऊन माझ्याशेजारून चालत होता तेव्हा मी त्याला बीजगणित सांगितलं.

मेक्नरने अद्वैत वाचलं होतं असं माझं म्हणणं नाही. खरी हकिगत उलट मजेशीर आहे. ॲपल टू नावाच्या ज्या यंत्रासाठी तो खेळ लिहीत होता त्याची स्मृती होती 128 किलोबाइट. सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर येणारा फुलांचा फोटोसुद्धा त्यात बहुधा मावणार नाही. भावाच्या चित्रांनीच ती भरून गेली. शत्रूची चित्रं ठेवायला जागा उरली नाही. टोमी पियर्स नावाची त्याची सहकारी मागे लागली होती, की खेळात झुंज हवी. शेवटी तोडगा निघाला तो असा, की राजपुत्राचीच चित्रं गणिताच्या एका क्लृप्तीने जरा सरकवून दाखवायची. त्यातून ती धूसर सावली जन्मली. पहारेकऱ्यांसाठी जागा त्याने नंतर कशीबशी काढली. म्हणजे जागा नव्हती म्हणून शत्रू स्वतःमधूनच काढावा लागला! अडचणीतून निघालेलं उत्तर अनेकदा फार खोल जातं, हे मी निबंधाच्या वहीतही पाहिलं आहे.

इथे मला आपला जुना मोक्षपट आठवला. सापशिडीचं हे आपल्याकडचं मूळ रूप. शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे. 1890 च्या दशकात हा खेळ इंग्लंडात पोचून पोरांचा करमणुकीचा पट झाला. मोक्षपटात दुर्गुण बाहेर बसलेला असतो, आणि कवड्यांचं दान पडेल तसा तो आपल्याला गिळतो. आपल्या हातात काही नाही. या पर्शियाच्या खेळात दान नाही. जे पडणं आहे ते आपल्या पायाने, आणि जो साप आहे तो आपल्याच आरशातून निघालेला. त्याला मारून पुढे जाता येत नाही, पोटात घेऊनच जावं लागतं. मला हा पट एक घर पुढे गेलेला वाटला.

खेळाचं पुढे काय झालं तेही सांगतो. 1989 मध्ये ॲपल टू यंत्रच मावळतीला लागलं होतं, त्यामुळे सुरुवातीला खप फारसा झाला नाही. 1990 मध्ये डॉसवर आला, मग इतर यंत्रांवर, इतर देशांत, आणि हळूहळू नाव झालं. 2010 मध्ये हॉलिवूडने त्याच नावाचा सिनेमाही काढला. पण मूळ खेळ मागे पडला. नातीच्या वर्गात कुणाला माहीत नाही.

आणि एक शेवटची हकिगत. मेक्नरने हाताने लिहिलेला तो मूळ प्रोग्रॅम हरवला होता. वर्षानुवर्षं सापडला नाही. 2012 मध्ये त्याच्या वडिलांनी घरातलं कपाट आवरताना एक खोकं निघालं, त्यात त्या फ्लॉप्या होत्या. तेवीस वर्षांच्या जुन्या. जाणकार मंडळींनी खास यंत्रं आणून त्या वाचल्या, आणि मेक्नरने तो सगळा प्रोग्रॅम जगाला पाहायला खुला केला. मी हे वाचलं आणि माझ्या टेबलावरच्या बुरशी धरलेल्या फ्लॉपीकडे पाहिलं. दोन्ही बापांच्या कपाटातून फ्लॉपी निघाली. त्यांची वाचता आली.

तर निकाल: शंभरपैकी बहात्तर. प्रथम वर्ग. राजकन्येला तलवार दिली असती तर डिस्टिंक्शन नक्की होतं. पूर्वीचा शून्य हा परीक्षकाचा दोष समजून रद्द करण्यात येत आहे.

निकाल विद्यार्थ्याच्या पालकाला कळवायचा असतो. इथे पालक मीच, म्हणून तो मुलाला कळवायचं ठरवलं. रात्री फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग म्हटलं, "अरे, ती सावली. तिला मारायचं नसतं. तलवार म्यान करायची आणि पुढे चालत जायचं."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं लाइन गेली.

मग तो म्हणाला, "माहितेय अण्णा. इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलवर कळलं." थोडा थांबून त्याने विचारलं, "तुम्ही खेळलात?"

"चौथ्यापर्यंत. आरशाशी अडलो."

"लांबून धावत यायचं. मध्ये थांबायचं नाही," तो म्हणाला. "मी आषाढीला येतोय ना, तेव्हा बसू दोघं."